दर चौथ्या फेरीला टक्

लेखमाला : लेथची नाडी – लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण टेलस्टॉक हेडस्टॉकच्या रेषेत आणला. आज वळू या गिअरबॉक्सकडे. लेथमधून अनोळखी आवाज आला की पहिला आळ यायचा तो याच्यावरच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमधून असाच निरोप आला होता. पोचलो तेव्हा टर्नर मामांनी गिअरबॉक्सच्या झाकणाचे अर्धे बोल्ट काढून ठेवले होते. "गिअरबॉक्स गेलाय बघा साहेब. आटे पाडताना टक् टक् करतोय."

"मामा, बोल्ट परत लावा. आधी एक खडू द्या," मी म्हणालो.

मशीन बंद करून चकवर खडूची एक रेघ मारली. लेथ दीड मिलिमीटरच्या आट्यांना लावलेला होता. वेग मिनिटाला साठ फेऱ्या, म्हणजे रेघ दर सेकंदाला एकदा वर येणार. मशीन चालू केलं, हात लांब ठेवले आणि मोजू लागलो. एक, दोन, तीन, टक्. पुन्हा तीन फेऱ्या शांत, चौथीला टक्.

इथं थोडं गणित करू. या लेथच्या लीड स्क्रूचा पिच सहा मिलिमीटर. चकच्या एका फेरीत टूल दीड मिलिमीटर सरकायचं, तर लीड स्क्रूनं पाव फेरीच फिरायला हवं. चकच्या चार फेऱ्यांमागे त्याची एक. म्हणजे दुखणं चकच्या वेगानं फिरणाऱ्या भागात नव्हतं, चौपट हळू फिरणाऱ्या भागात होतं. झाकण न उघडता निम्म्याहून अधिक संशयित सुटले.

हाफ नट सोडला, तरी टक् चालूच. तेव्हा एप्रनही सुटला. उरला लीड स्क्रू, गिअरबॉक्स आणि त्याआधीचे चेंज गिअर. मशीन थांबवून गिअरबॉक्सचा लिव्हर दुसऱ्या खाचेत टाकला. लीड स्क्रूचा वेग बदलला, पण टक् मात्र अजूनही चौथ्याच फेरीला. गिअरबॉक्सच्या पुढचा भाग दोषी असता, तर त्याच्याबरोबर ठोक्याचा हिशेबही बदलला असता. तो बदलला नाही, म्हणजे खोट गिअरबॉक्सच्या आधी.

मेन स्विच बंद करून डावीकडचं कव्हर उघडलं. वर तीस दात्यांचा गिअर, मध्ये आयडलर, खाली एकशेवीस दात्यांचा. तीस भागिले एकशेवीस, तोच पाव. खालच्या गिअरच्या एका दात्याच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढी चिप ठोकून बसली होती. पितळी तारेनं ती उकरून काढली, ब्रश मारला, मशीन चालू केलं. रेघ वीस वेळा वर आली, आवाज एकदाही नाही. गिअरबॉक्स होता तसाच बंद राहिला.

सगळीच दुखणी इतकी स्वस्तात सुटत नाहीत. पण क्रम हाच ठेवा. लेथमध्ये गिअरबॉक्स दोन : हेडस्टॉकमधला चकला वेग देतो आणि त्याखालचा टूलला फीड देतो. एकाच लिव्हरनं खाच बदलून फीड बदलण्याची सोय असलेल्या डब्याला आपण 'नॉर्टन' म्हणतो, ते अमेरिकेतल्या वेंडेल नॉर्टनच्या १८९२ च्या पेटंटवरून. आधी आवाज कोणत्या डब्यातला ते ठरवा. मशीन थांबवून फीडची दिशा बदलणारा लिव्हर मधल्या खाचेत ठेवा आणि चक फिरवा. आवाज गेला, तर दुखणं फीडच्या साखळीत. राहिला, तर हेडस्टॉक, बेल्ट नाहीतर मोटर. कधी कधी तर चकमधला वेडावाकडा जॉबच ठोके देत असतो. तो काढून पाहा.

मग आवाजाची जात ओळखा. ठरावीक अंतरानं येणारी टक् म्हणजे एकाच जागी इजा : दाता तुटलाय, चेपलाय किंवा चिप अडकलीय. प्रत्येक गिअरमध्ये सारखीच येणारी आणि वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगची. हलक्या कटला खडखड आणि जड कटला शांत, तर दात्यांत ढिलाई आहे. कर्कश शीळ येत असेल, तर चेंज गिअर फार घट्ट बसलेत. ते बसवताना दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला आणि गिअर हातानं फिरवा. पट्टीवर घड्या पडाव्यात, पण ती फाटू नये.

लिव्हर चालू कामात आपोआप निसटत असेल, तर आधी त्याला खाचेत धरणारी स्प्रिंग आणि गोळी पाहा, मग गिअर सरकवणारा फोर्क. आणि स्वतःलाही विचारा : चक पूर्ण थांबायच्या आत गिअर टाकायची सवय आहे का? तिनं दात्यांच्या कडा गोल होतात, आणि गोल कडा पकड धरत नाहीत.

ऑइल बदलताना डबा न उघडताच आत डोकावता येतं. दुधासारखं पांढरट ऑइल म्हणजे आत पाणी किंवा कूलंट शिरलंय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा मऊ लेप असेल, तर ती रोजची झीज. लोखंडी कपचे दिसले, तर मात्र झाकण उघडायची वेळ आली. चुंबकाला न चिकटणारे सोनेरी कण बुशकडे बोट दाखवतात.

फीड अचानक बंद पडलं आणि चक फिरतोच आहे, तर शिअर पिन तपासा. ती मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते, कॅरेज कुठं धडकलं तर तिनं तुटावं आणि गिअर वाचावेत म्हणून. "सारखी तुटते" म्हणून तिथं कडक बोल्ट ठोकणारे मी पाहिलेत. पुढच्या धडकेत बोल्ट वाचतो, तुटतो तो दाता.

या आठवड्याचा गृहपाठ : आपला लेथ ठणठणीत असतानाच चकवर खडूची रेघ मारा. नेहमीच्या आट्यांसाठी चकच्या किती फेऱ्यांना लीड स्क्रूची एक फेरी होते ते मोजा आणि चेंज गिअरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा. मामांच्या कव्हरवर आता '१.५ – चार' लिहिलेलं आहे.

पुढच्या लेखांकात : क्रॉस स्लाइडची ढिलाई.