जॅकेट, तुरटी आणि एकलहऱ्याचा पाऊस

जॅकेट घरी वॉटरप्रूफ करायचं म्हटलं की काय लावावं एवढंच विचारलं जातं. कोणत्या पावसासाठी, हे कोणी विचारत नाही. नाशिक जिल्ह्यात तरी तो प्रश्न आधी यायला हवा. इगतपुरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहरात ७०० च्या आगेमागे, आणि सिन्नर-निफाडकडे त्याहून कमी. औष्णिक वीज केंद्राचं एकलहरे शहराच्या पूर्वेला, या कमी पावसाच्या अंगाला. इथे दिवाळीनंतर जॅकेट निघतं ते थंडीसाठी. त्याला भिजवतं ते पहाटेचं दंव, नाहीतर द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारी अवकाळीची सर. त्यासाठी कापडाने पाणी पुरतं अडवायची गरज नाही, ते वरच्यावर निथळलं तरी भागतं. आणि तेवढं काम तुरटी आणि साबण करतात.

सुताच्या तंतूला पाण्याची ओढ असते, म्हणून थेंब पसरतो आणि दोऱ्यांमधल्या फटींत शिरतो. फटी बुजवल्या तर पाणी थांबतं, पण घामही आत कोंडतो. चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली पेटंट घेतलेल्या, दोन कापडांमध्ये रबर भरलेल्या कापडाची हीच खोड होती. दुसरी वाट म्हणजे फटी तशाच ठेवून तंतूलाच पाणी नकोसं करायचं. साबणात भिजलेलं कापड तुरटीच्या पाण्यात गेलं की तुरटीतलं ॲल्युमिनियम साबणातल्या मेदाम्लांना धरतं आणि पाण्यात न विरघळणारा मेणचट थर तंतूंवर बसतो. तंबूच्या कापडासाठी ही जुनीच युक्ती. प्रमाण साधारण असं: लिटरभर गरम पाण्याला ६० ग्रॅम किसलेला साबण, आणि वेगळ्या भांड्यात तितकीच तुरटी. आधी साबणात मुरवायचं, न पिळता निथळत ठेवायचं, ओलसर असतानाच दोनेक तास तुरटीत बुडवायचं आणि सावलीत वाळवायचं. साबण तेलाचा, वडीचाच हवा. डिटर्जंट पावडरने हा थर बसत नाही. बोअरचं जड पाणीही टाळावं, कारण त्यातलं कॅल्शियम साबणाचा आधीच साका करून टाकतं.

मग मेण का नको? मेण पाणी जास्त अडवतं, हे खरंच. पण मेणवलेलं कापड जड होतं, नाशिकच्या एप्रिलमध्ये चिकटतं, त्यावर धूळ आणि राख बसते, आणि ते सहज पेट घेतं. बॉयलरजवळ किंवा वेल्डिंगवर काम करणाऱ्याने ते घालूच नये. कामावर मिळालेल्या अग्निरोधक कपड्यांवर तर घरचा कोणताच प्रयोग नको. जवसाच्या तेलाचं त्याहून वाईट: तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप तापून पेटू शकतात. नायलॉन-पॉलिस्टरवर तुरटीचा थर नीट धरत नाही, तिथे सिलिकॉनचा स्प्रे बरा. फ्लोरिनयुक्त स्प्रे पाणी-तेल दोन्ही झटकतात, पण ती रसायनं निसर्गात जवळजवळ विघटतच नाहीत. एका जॅकेटपायी एवढी उधारी कशाला?

खरा आक्षेप वेगळाच आहे. बाइकवर वाऱ्याने आपटणारा पाऊस, सॅकच्या पट्ट्याखाली दाबला जाणारा खांदा, शिवणीतली सुईची भोकं, इथे पाण्यावर दाब येतो आणि हा उपाय हरतो. शिवणीवर मेणाची वडी घासली तर थोडा फरक पडतो, बाकीचं तसंच राहतं. इगतपुरीकडच्या कसारा घाटात जाणाऱ्याने मुकाट्याने रेनकोट घ्यावा. शिवाय डिटर्जंटने धुतलं की थर उतरत जातो. बाहीवर चमचाभर पाणी टाकून पाहावं: थेंब गोल राहून घरंगळला तर ठीक, डाग गडद होऊन पसरला तर पुन्हा तुरटी काढायची.