वसमतच्या हळदीची प्रत
हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि मालाची प्रत ठरते ती शेतकऱ्याच्या खळ्यावरच. जेठा गड्डे व हळकुंडे निरनिराळी शिजवावीत. कच्ची राहिल्यास ती वाळण्यास विलंब लागतो, फाजील शिजल्यास रंग बिघडतो. शिजलेल्या हळकुंडात काडी सहज शिरावी, ही जुनीच कसोटी. ग्रामसेवकांनी ती प्रत्यक्ष करून दाखवावी. अन्नसुरक्षा नियमांनुसार अखंड हळदीत १२ टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा. घाईने भरलेल्या ओलसर मालास पोत्यातच बुरशी लागते आणि वर्षभराचे कष्ट लिलावात मातीमोल होतात. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट चोळणे हा तर विषप्रयोगच होय. वाळलेले हळकुंड मोडताना खणखणीत वाजते. तो आवाज ऐकल्यावरच पोती शिवावीत.