कोरा रकाना

एका शाळेच्या पटावर ४० विद्यार्थी आहेत, अशी कल्पना करूं. पैकीं २० रोह्याचे, १७ पेणचे, आणि ३ मुलांच्या नांवापुढें गांवाची जागा कोरीच राहिली आहे. हा पट संगणकाच्या डेटाबेसांत उतरवून आम्ही विचारलें, ‘ज्यांच्या गांवाचें नांव “रोहा” असें सुरू होतें ते कोण?’ उत्तर आलें २०. ‘ज्यांचें तसें सुरू होत नाहीं ते कोण?’ उत्तर आलें १७. मग उरलेलीं तीन मुलें गेलीं कोठें?

हे प्रश्न ज्या एस्‌क्यूएल भाषेंत विचारतात, तिचा पाया चेंबरलिन व बॉइस या दोघांनीं १९७४ सालीं घातला. अक्षरांचा नमुना जुळवून पाहण्यास तींत ‘लाइक’ हा शब्द आहे. नमुन्यांत ‘%’ हें चिन्ह कितीही अक्षरांच्या ऐवजीं चालतें. परंतु जेथें माहितीच नाहीं, त्या जागेस ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे; नल म्हणजे ‘ठाऊक नाहीं’.

पेणच्या कारखान्यांतून गणपतीची मूर्ति बंद खोक्यांतून आली, असें समजा. ती उजव्या सोंडेची आहे काय? ठाऊक नाहीं. उजव्या सोंडेची नाहीं काय? तेंही ठाऊक नाहीं! संगणकाचा न्याय हाच होय. त्याच्यापाशीं खरें, खोटें व अज्ञात अशीं तीन उत्तरें असतात, आणि यादींत तो केवळ ‘खरें’ ठरलेल्यांसच घेतो. अज्ञाताचें उलटें केलें तरी तें अज्ञातच राहतें. म्हणून तीं मुलें ‘लाइक’च्या यादींत नाहींत व ‘नॉट लाइक’च्याही नाहींत. नुसता ‘%’ हा नमुना दिला तरी तीं सांपडत नाहींत.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या प्रश्नास ‘किंवा गांव इज नल’ एवढें जोडावें, म्हणजे २० पूर्ण होतात. अथवा ‘कोअलेस’ वापरून कोऱ्या जागीं ‘नोंद नाहीं’ असे शब्द धरावे.

हा केवळ गणिताचा खेळ नव्हे. अशा दोन याद्यांवरून शिष्यवृत्ति वांटली, तर तीं तीन मुलें वंचित राहतील, आणि संगणक चूक झाल्याचें सांगणारही नाहीं. यास्तव पालकांनीं अर्ज पूर्ण भरावा, आणि विद्यार्थ्यांनीं प्रत्येक यादीची बेरीज मूळ पटाशीं ताडून पाहावी.