येळवशीच्या रात्रीला किती वॅट?

मार्गशीर्ष अमावास्येला बिदर जिल्ह्यातली गावं सकाळीच रिकामी होतात. हुमनाबाद तालुक्यातलं हळ्ळीखेड (बी) त्याला अपवाद नाही. पंचांगात ही वेळ अमावास्या. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी या पट्ट्यात तिला येळवस म्हणतात. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी करायची, तिच्यात पाच पांडवांचे दगड मांडायचे, पूजा झाली की भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीत बसवायचं. कॅम्पिंग हा शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसं वर्षातून एक दिवस ते करत आली आहेत.

फरक एवढाच, की दिवस मावळला की घरी परतायची रीत. आता पुण्या-हैदराबादेहून आलेली भाचरं-पुतणे म्हणतात, रात्रही इथंच काढू. तंबू गाडीत असतो. प्रश्न उरतो उजेडाचा आणि मोबाइलचा. शेताला तीन फेजचा करंट ठरावीक तासच मिळतो, आणि तो मोटारीपाशी, कोपीपाशी नाही. मग कुणीतरी सुचवतो, ‘मंडपवाल्याकडून जनरेटर आणू.’ कुणी त्याहून पुढं जाऊन विकतच घेऊ म्हणतो. दोघांनीही दुकानात जाण्याआधी कागद-पेन घेऊन पाच मिनिटं बसावं. बहुतेक चुका तिथंच टळतात.

समजा, पंधरा माणसांचा मुक्काम आहे. नऊ वॅटचे सहा एलईडी बल्ब, म्हणजे ५४ वॅट. दहा मोबाइल एकदम चार्जिंगला लावले तर दीडशे वॅट धरा. गाण्यांचा छोटा स्पीकर, ३०. कुणाचा लॅपटॉप, ६५. बेरीज तीनशेच्या आसपास येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पंख्याचं नाव कुणी काढत नाही. आणि मोबाइल काही रात्रभर चार्ज होत नाहीत. पाच तासांचा हिशेब केला, तर सगळी मिळून वीज लागते अर्धा-पाऊण युनिट. घरच्या मीटरवर ती चार-पाच रुपयांची होते.

हा आकडा ऐकून दुकानदार थोडा खट्टू होतो. त्याच्याकडं अडीच केव्हीएचा जनरेटर पुढंच मांडलेला असतो.

आकडा फुगतो तो तीन-चार वस्तूंमुळे. चटणीचं मिक्सर ५०० ते ७५० वॅट खातं. पाणी तापवायचा रॉड हजार ते दीड हजार. इंडक्शन शेगडी दोन हजारापर्यंत. मोटर असलेल्या वस्तूंची आणखी एक खोड असते: सुरू होताना त्या क्षणभर दुप्पट-तिप्पट वीज ओढतात. घरातला फ्रिज चालू असताना दीडशे वॅट घेत असेल, पण त्याचा कॉम्प्रेसर उठताना छोटा जनरेटर गुदमरतो. शेतातली एक एचपीची मोटर चालताना साडेसातशे वॅटची दिसते. उठताना मात्र तिला त्याच्या कितीतरी पट लागतं, म्हणून हातात उचलायच्या जनरेटरवर ती चालवायचा नाद करू नये. उलट चटणी घरूनच वाटून नेली, पाणी चुलीवर तापवलं, तर पंधरा माणसांची रात्र हजार वॅटच्या आतल्या यंत्रावर आरामात निघते. चूल तर पेटलेलीच असते.

लेबल वाचायचीही एक कला आहे. जनरेटरवर बहुधा केव्हीए लिहिलेलं असतं, आपल्या वस्तूंवर वॅट. ढोबळ हिशेबाला केव्हीएला ०.८ने गुणावं: अडीच केव्हीए म्हणजे दोन हजार वॅट. तोही पुष्कळदा कमाल आकडा असतो, काही मिनिटांपुरता. सतत देता येणारा भार, म्हणजे ‘रेटेड’, त्याहून दहा टक्क्यांनी तरी कमी. विकत घेताना हा दुसरा आकडा विचारावा. विक्रेता तो आपण होऊन सांगत नाही.

उंचीही हिशेबात येते. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला साधारण साडेतीन टक्के घटते. बिदरच्या पठारावर हे नुकसान सात-आठ टक्क्यांचं, दुर्लक्ष करण्याजोगं. पण तोच जनरेटर गाडीत टाकून लडाखला पँगाँगकाठी, सव्वाचार हजार मीटरवर नेला, तर तो निम्म्यावर येतो.

बाजारात दोन जाती दिसतात. एक उघड्या पाइपांच्या चौकटीतला, गणपतीच्या मिरवणुकीत हातगाड्यावर दिसतो तो. त्याचं इंजिन भार असो-नसो, मिनिटाला तीन हजार फेरेच मारतं, कारण पन्नास हर्ट्झची वीज त्या फेऱ्यांवर बांधलेली असते. एकच बल्ब लावला तरी आवाज तेवढाच, पेट्रोलही जवळजवळ तेवढंच. दुसरी जात इन्व्हर्टर जनरेटरची. यात तयार झालेली वीज आधी डीसी करतात आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिला पुन्हा स्वच्छ एसीचं रूप देतं. इंजिनाचे फेरे मोकळे होतात. भार कमी तर फेरे कमी. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरना ही वीज मानवते. वजनही हलकं: हजार वॅटच्या वर्गातला इन्व्हर्टर जनरेटर तेरा-चौदा किलोचा, एका हातात येतो. दोन-सव्वादोन लिटरच्या टाकीवर पाव भाराने सात-आठ तास चालतो. उघड्या चौकटीतला दोन-अडीच केव्हीएचा मात्र चाळीस किलोच्या पुढं, दोघांनी धरून बांधावरून न्यावा लागतो. इन्व्हर्टरवाल्याची किंमत अर्थातच बरीच जास्त. पण रानात नेण्यासाठी घ्यायचाच असेल तर तोच घ्यावा, यात दुमत नको.

आवाजाचं गणित जरा निसरडं आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत दुकानांच्या पायऱ्यांवर पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे छोटे जनरेटर तडतडत असत, ते ज्यांनी ऐकले त्यांना वेगळं सांगायला नको. पुढं पेट्रोल-रॉकेलच्या जनरेटरांना आवाजाची मर्यादा घातली गेली. सप्टेंबर २००३पासून ती ८६ डेसिबल आहे. पण ही यंत्राच्या एकूण ध्वनिशक्तीची मर्यादा. माहितीपत्रकात जो आकडा मोठ्या टायपात छापतात, तो बहुधा सात मीटरवरून मोजलेला असतो. मोकळ्या रानात ८६चा जनरेटर सात मीटरवर साठ-एकसष्टचा भरतो. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना कोणता कुठून मोजलाय हे पाहावं. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि अमावास्येच्या रात्री रान त्याहूनही शांत असतं. अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. सातच्या जागी अठ्ठावीस मीटरवर ठेवला, की बारानं.

इथं लोक वायरीची अडचण सांगतात: लांब वायर ओढली तर करंट पोचतच नाही. हे खरं नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीस मीटर वायरीत, हजार वॅटचा पूर्ण भार असतानाही, २३०पैकी तीन-साडेतीन व्होल्ट गळतात. बल्बला ते कळतही नाही. तेव्हा जनरेटर कोपीला चिकटवून ठेवायला कारण उरत नाही.

आणि तो दूर ठेवायचं खरं कारण आवाज नाहीच. ज्या कोपीत माणसं बसतात ती वाळल्या कडब्याची. आजूबाजूला ज्वारी उभी. जनरेटरच्या सायलेन्सरला हात लावला तर कातडी सुटून येते, आणि त्याच्याशेजारी कॅनमध्ये पेट्रोल. टाकी संपली म्हणून अंधारात, मोबाइलच्या उजेडात, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतणारा उत्साही भाचा प्रत्येक मुक्कामात एक असतोच. त्याला आवरावं. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचं, मगच टाकीचं झाकण उघडायचं. जमीन आधी झाडून घ्यायची, खाली कडब्याची काडी राहू द्यायची नाही, जवळ कोरड्या मातीची दोन घमेली भरून ठेवायची. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

दुसरा धोका दिसत नाही. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. येळवशीच्या रात्री माणूस म्हणणार, भज्जी-आंबील जास्त झाली. ऑगस्ट २०२०मध्ये अमेरिकेत लुइझियाना राज्याला लॉरा चक्रीवादळानं झोडपलं. तिथं दगावलेल्यांपैकी बरीच माणसं वाऱ्यानं किंवा पाण्यानं नव्हे, वीज गेल्यावर लावलेल्या जनरेटरच्या धुरानं गेली. त्याच वर्षी जानेवारीत नेपाळमधल्या दामन इथं केरळचे आठ पर्यटक थंडी म्हणून खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. कडब्याच्या कोपीतून हवा खेळते, पण थंडीसाठी तिच्यावर ताडपत्री ओढली की तीही बंद खोलीच. तंबू, कोपी, गाडी यांपासून किमान सहा-सात मीटर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धुराडं माणसांकडं पाठ करून. पाऊस आला म्हणून आत ओढायचा नाही. झोपताना बंद.

पेट्रोलचं म्हणाल तर हळ्ळीखेडच्या माणसाला त्यातला वीस टक्के भाग ओळखीचा आहे. बिदर सहकारी साखर कारखाना इथलाच, उसाची वाहनं इथल्या रस्त्यांनी नेहमीची. आणि पंपावरच्या ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉल काही अंशी उसाच्या मळीतून आणि रसातून येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. वर्षातून एकदा वापरायच्या जनरेटरात ते पेट्रोल तसंच राहिलं, तर पुढच्या येळवशीला कार्ब्युरेटर चोंदलेला सापडतो आणि दोरी ओढून ओढून खांदा निखळायची पाळी येते. घरी आल्यावर पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावं, टाकी रिकामी करावी. नव्या जनरेटरात कंपनी बहुधा इंजिन ऑइल भरून देत नाही, हेही ध्यानात असू द्यावं. ऑइल न घालता पहिली दोरी ओढणारे पुष्कळ आहेत.

बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग ऑक्टोबर २०१७मध्ये पुरा झाला. बिदरच्या पाहुण्याकडून जनरेटर मागून आणायचा तर गाडी सोयीची वाटते, पण रेल्वेत पेट्रोल नेणं हा गुन्हा आहे. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जीपमधून आणलेला बरा.

आता खर्च. लिटरभर पेट्रोलात नऊ युनिटांइतकी उष्णता असते. छोटा जनरेटर त्यातून पूर्ण भारावर जेमतेम दीड युनिट वीज काढतो, पाव भारावर एक. बाकी सगळं धूर, धग आणि आवाज. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, म्हणजे एका युनिटला सत्तर ते शंभर रुपये. म्हणूनच अर्ध्या-पाऊण युनिटाची गरज असलेल्या रात्रीसाठी लिथियम बॅटरीचा पॉवर स्टेशन म्हणतात तो डबा पुष्कळदा सरस ठरतो. हजार वॅट-तासांचा डबा घरी रात्रभर चार्ज केला, की पंधरा माणसांची रात्र भागते. ना धूर, ना आवाज. सोबत शंभर वॅटचं सौर पॅनेल असलं तर इथल्या उन्हात दिवसाला त्यातले तीन-चारशे वॅट-तास परत भरतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीला बारा व्होल्टचा बल्ब टांगण्याची युक्ती रानात जुनी आहे. दोन-तीन तास ठीक. रात्रभर लावला, तर सकाळी सगळ्या पाहुण्यांनी मिळून ट्रॅक्टर ढकलायचा कार्यक्रम होतो.

जनरेटरची खरी गरज पडते ती लांबच्या मुक्कामांना. आषाढीला पंढरपूरकडं निघालेल्या दिंड्यांचं उदाहरण समोर आहे. रोज नवं गाव, नवी राहुटी, शेकडो माणसांचा स्वयंपाक, रात्री कीर्तनाचा ध्वनिक्षेपक, आणि ढगाळ आभाळामुळं सौर पॅनेल रुसलेलं. तिथं सामानाच्या ट्रकबरोबर जनरेटर हवाच. तोही पाच बल्बांपुरता नव्हे.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे चिंचोळीचं अभयारण्य. कलबुर्गी जिल्ह्यातलं हे सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं कोरडं जंगल आणि त्यातला चंद्रमपळ्ळीचा जलाशय हुमनाबादकडच्या लोकांना जवळचा. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं मुक्काम करता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी जनरेटर घरी ठेवावा. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे पाहायला गर्दी लोटते, तिथंही तेच. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेनंच शोधतात. शेजारी फ्लडलाइट पेटला की त्यांचा संवाद तुटतो. काजवे पाहायला जाऊन लायटिंग लावणाऱ्यांना काय म्हणावं?

एका रात्रीच्या येळवशीला, तेव्हा, बॅटरीचा डबा. दोन-तीन रात्रींच्या मुक्कामाला किंवा छोट्या दिंडीला एक ते दोन केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर, शक्यतो भाड्यानं. वर्षातून दहा वेळा लागणार नसेल तर विकत घेऊन कोपऱ्यात गंजवू नये. आणि भाड्याचा असो वा विकतचा, निघण्याच्या आदल्या दिवशी घराच्या अंगणात ज्या वस्तू नेणार त्या सगळ्या लावून पाहाव्यात. टाकीत एक लिटर पेट्रोल मोजून घालावं, दोरी ओढावी आणि तो बंद पडेपर्यंतची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवावी.