कोकण किनाऱ्यावरील क्रूझ पर्यटन

कोकण किनाऱ्यावरील क्रूझ पर्यटन म्हणजे मुंबई बंदरातून निघून गोवा, दीव, लक्षद्वीप अशा ठिकाणी जाणाऱ्या व साधारणतः एक ते पाच रात्रींत परतणाऱ्या प्रवासी जहाजांवरील सहल होय. या सहलीत जहाज हे केवळ प्रवासाचे साधन नसते. निवास, भोजन व करमणूक यांचे ते मुख्य ठिकाण असते. किनाऱ्यावरील भेट हा तिचा एक लहानसा भाग असतो. मराठीत अशा सहलीला ‘सागरी सहल’ किंवा ‘सागर सफर’ असेही म्हणतात; मात्र बोलीभाषेत व वृत्तपत्रांत ‘क्रूझ’ हा शब्द रूढ झाला आहे.

मुंबई–गोवा हा या पर्यटनाचा सर्वाधिक परिचित मार्ग आहे. याच मार्गावर विसाव्या शतकात कोकणी माणसाची आगबोट धावत असे. मार्ग तोच असला तरी दोन्ही प्रवासांचा हेतू भिन्न आहे. आगबोट वाटेतील बंदरे जोडत जात असे, तर आजचे पर्यटन जहाज बहुधा ती बंदरे ओलांडून पुढे जाते.

संकल्पना व उगम

एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचण्यासाठी केलेला जलप्रवास आणि प्रवासाच्या आनंदासाठी केलेला जलप्रवास यांत भेद आहे. दुसऱ्या प्रकारात प्रवासी बहुधा जेथून निघतो तेथेच परत येतो. जर्मन जहाज उद्योजक आल्बर्ट बालिन यांनी १८९१ मध्ये ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या सफरीवर पाठवले. हिवाळ्यात अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या प्रवाशांची संख्या घटत असे, त्यामुळे रिकाम्या जहाजाचा उपयोग करावा हा त्यामागील व्यवहार होता. १९०० मध्ये खास सहलीसाठी बांधलेले ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे जहाज जलावतरित झाले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस जेट विमाने आली आणि दोन खंडांमधील प्रवासी जहाजांची गरज संपत गेली. त्यानंतर जहाज कंपन्यांनी प्रवासालाच सुटीचे रूप दिले.

पार्श्वभूमी : ठाणे, कल्याण आणि सागरी व्यापार

मुंबई हे मोठे बंदर होण्यापूर्वी या परिसराचा सागरी व्यवहार खाड्यांतून चालत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रंथात कल्याणचा उल्लेख ‘कॅलिएना’ असा आढळतो. शिलाहार काळात श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे हे महत्त्वाचे बंदर होते. ठाण्याच्या समोर, खाडीच्या पूर्व तीरावर कळवा वसले आहे. त्याच्या एका बाजूला खाडी व दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली. १ मे १८५४ रोजी ती खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोहोचली. रेल्वे व मुंबई बंदर या दोहोंच्या वाढीमुळे खाडीतील जलवाहतुकीचे महत्त्व कमी होत गेले. गाळ साचल्यामुळे ठाणे–कळवा दरम्यानची खाडी आज मोठ्या जहाजांना जाण्याजोगी नाही. ‘पारसिक रेतीबंदर’ या नावात मात्र जुन्या जलव्यवहाराची खूण टिकून आहे.

आगबोटींचा काळ

कोकण रेल्वे नव्हती आणि पक्के रस्ते तुरळक होते, त्या काळात मुंबईतील चाकरमान्यांना गावी नेणारे प्रमुख साधन म्हणजे आगबोट. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीच्या दिशेने जात असे. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागण्याइतके खोल पाणी नसे. ती समुद्रात नांगर टाकून उभी राही व प्रवासी पडावांतून किनाऱ्यावर येत. हेलकावणाऱ्या पडावात वृद्ध माणसे, लहान मुले व बोजे उतरवणे हे कसबाचे काम होते. पावसाळ्यात समुद्र खवळल्यावर ही वाहतूक बंद ठेवावी लागे.

बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे या वाहतुकीवर दीर्घकाळ वर्चस्व होते. तिच्याशी स्पर्धा करणारी स्वदेशी सहकारी कंपनी लोकांत ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने ओळखली जाई. तिच्या बोटींना ‘रामदास’, ‘तुकाराम’ अशी संतांची नावे होती. स्वातंत्र्यानंतर चौगुले कंपनी व त्यानंतर मोगल लाइन यांनी ही सेवा चालवली. ‘कोकण सेवक’ व ‘कोकण शक्ती’ ही मोगल लाइनच्या बोटींची नावे जुन्या पिढीच्या स्मरणात आहेत. १९८० च्या दशकात ही नियमित सेवा थांबली. १९९० च्या दशकात दमानिया कंपनीने मुंबई–गोवा मार्गावर वेगवान कॅटमरान चालवली, पण तीही टिकली नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि प्रवासाचे साधन म्हणून बोटीची गरज जवळजवळ उरली नाही. आज कळव्यातील कोकणवासी कुटुंब गावी जाताना दोन स्थानके पुढे असलेल्या दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडते.

आधुनिक क्रूझ सेवा

‘आंग्रिया’ : ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ या जहाजाने मुंबई–गोवा सेवा सुरू केली. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून हे नाव ठेवण्यात आले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० कि.मी. अंतरावर असलेल्या प्रवाळयुक्त उथळ भागालाही ‘आंग्रिया बँक’ असे नाव आहे. जपानमध्ये बांधलेल्या या जुन्या प्रवासी जहाजात शंभराहून अधिक खोल्या होत्या. दुपारी मुंबईहून निघालेले जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगाव बंदरात पोहोचत असे. एकमार्गी तिकीट मिळत असल्याने ही सेवा प्रवास व सहल यांच्या सीमारेषेवर होती. २०२० मध्ये करोना साथीच्या काळात ती बंद पडली.

‘एम्प्रेस’ : सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीने भारतीय रेल्वेच्या आयआरसीटीसी या उपक्रमाच्या सहकार्याने मुंबईहून सफरी सुरू केल्या. तिचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधले गेले. तीन-चार रात्रींच्या लहान सफरी डोळ्यांसमोर ठेवून त्याची रचना करण्यात आली होती. जहाजाची लांबी सुमारे २११ मीटर असून सकल टनभार सुमारे ४८,५०० आहे. सकल टनभार हे वजन नसून जहाजाच्या अंतर्गत घनफळावर आधारलेले माप असते. जून २०२२ मध्ये, पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा असताना, या जहाजाने चेन्नईहून सफरी केल्या. आगबोट पावसाळ्यात बंद राहत असे. पर्यटन जहाज त्या दिवसांत किनारा बदलू शकते.

सहलीचे स्वरूप

मुंबई–गोवा–मुंबई ही दोन रात्रींची सहल नमुन्यादाखल घेता येईल. प्रवासी मुंबईच्या बॅलार्ड पिअर येथील क्रूझ टर्मिनलवर जहाज सुटण्याच्या काही तास आधी पोहोचतात. तेथे ओळखपत्र व सामान यांची तपासणी होते. जहाज संध्याकाळी निघते, दुसऱ्या दिवशी गोव्यास पोहोचते, तेथून पुन्हा निघून तिसऱ्या दिवशी मुंबईस परतते. काही सफरींत जहाज कोणत्याही बंदरात थांबत नाही. ते खोल समुद्रात जाऊन परत येते.

कळव्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर लोकलने सुमारे ३६ कि.मी. असून तेथून बॅलार्ड पिअर दोन कि.मी.च्या आसपास आहे. जहाज सकाळी परतत असल्यास ठाणे–कल्याणकडील प्रवाशांना कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीच्या उलट दिशेने घरी जाता येते.

खोल्या साधारणतः तीन प्रकारच्या असतात : खिडकी नसलेली आतील खोली, समुद्राकडे खिडकी असलेली खोली आणि सज्जा असलेली खोली. भाड्यात बहुधा निवास, मुख्य भोजनगृहातील जेवण व सर्वांसाठीचे कार्यक्रम यांचा समावेश असतो. मद्य, विशेष उपाहारगृहे, स्पा, इंटरनेट व किनाऱ्यावरील मार्गदर्शित सहल यांसाठी वेगळे पैसे पडतात. त्यामुळे जाहिरातीतील भाडे व प्रत्यक्ष खर्च यांत फरक पडू शकतो. भारतीय प्रवाशांसाठीच्या जहाजांवर शाकाहारी व जैन जेवणाची स्वतंत्र सोय आढळते.

जहाजावरील करमणूक

रात्रीच्या समुद्रात पाहण्यासारखे थोडेच असते. म्हणून लहान सफरींत करमणुकीची आखणी संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत दाट केलेली असते. नाट्यगृहातील नृत्य-संगीत, जादूचे प्रयोग, विनोदी एकपात्री कार्यक्रम, चित्रपटगीते, पोहण्याचा तलाव, मुलांसाठी खेळघर आणि काही जहाजांवर कॅसिनो अशी तिची रूपे आहेत.

जुन्या आगबोटीवर कंपनीतर्फे करमणूक नसे. डेकवर वळकटी पसरून बसलेले प्रवासी गप्पा, पत्ते, भजने यांत आपली रात्र आपणच घालवत. आज हा वेळ व्यावसायिक कलावंतांच्या हाती गेला आहे. यातून गायक, वादक, नर्तक, आचारी व सेवक यांना रोजगार मिळतो. समुद्र मात्र बदललेला नाही. जहाजाच्या हेलकाव्यांनी होणाऱ्या मळमळीला मराठीत ‘बोट लागणे’ म्हणतात. जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर हेलकावे तुलनेने कमी जाणवतात.

किनाऱ्यावरील भेट

गोव्यात जहाजे जुवारी नदीच्या मुखाशी असलेल्या मुरगाव बंदरात लागतात. पणजी तेथून सुमारे ३० कि.मी. दूर आहे. किनाऱ्यावर मिळणाऱ्या काही तासांत जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिका व से कॅथेड्रल, फोंडा तालुक्यातील मंगेशी देवस्थान किंवा पणजीतील फोंतेन्हास वस्ती यांपैकी एक-दोन ठिकाणेच नीट पाहून होतात. जुन्या गोव्यातील चर्च व मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. जहाज ठरलेल्या वेळी निघत असल्याने रस्त्यावरील वाहतुकीचा वेळ हिशेबात धरावा लागतो.

लक्षद्वीपमध्ये जहाज समुद्रातच थांबते व प्रवासी लहान होड्यांतून बेटावर जातात. कोकणातील पडावांची पद्धत येथे नव्या रूपात दिसते. बेटांवर जाण्यासाठी बाहेरील व्यक्तींना प्रवेश परवाना लागतो.

सुरक्षितता

या किनाऱ्यावरील सर्वांत भीषण प्रवासी दुर्घटना १७ जुलै १९४७ रोजी घडली. आषाढ अमावास्येच्या त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्याने अपघाताची वार्ता मुंबईस पोहोचण्यास कित्येक तास लागले. अनेकांचे प्राण मच्छीमारांच्या होड्यांमुळे वाचले. याच कंपनीच्या ‘तुकाराम’ व ‘जयंती’ या बोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच दिवशी बुडाल्या होत्या.

आज प्रवासी जहाजांना ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय सुरक्षा करार लागू असतो. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती तयार झाली. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण दगावले. त्या जहाजावर नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचा संकटकालीन सराव झालेला नव्हता. त्यानंतरच्या दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०१५ पासून असा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. भोंगा वाजल्यावर कोठे जमायचे व जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे, हे त्यात शिकवले जाते. सहलीच्या उत्साहात अनेकांना तो कंटाळवाणा वाटतो. पण या नियमामागे बुडालेल्या जहाजांचा अनुभव आहे.

बंदिस्त जागेत शेकडो लोक एकत्र राहत असल्याने संसर्गजन्य रोगांचा धोकाही असतो. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्यास गेलेल्या क्रूझवरील साठहून अधिक जण करोनाबाधित आढळल्याने जहाज मुंबईस परत आणावे लागले.

अर्थकारण व पर्यावरण

पर्यटक जहाजावरच राहतो, जेवतो व करमणूक करून घेतो. त्यामुळे त्याचा बराच खर्च जहाज कंपनीकडे जातो. बंदराच्या गावाला मिळणारा लाभ हा टॅक्सी, मार्गदर्शक, खरेदी व एखादे जेवण एवढ्यापुरता राहतो. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण यांसारख्या बंदरांना इतिहास व निसर्ग दोन्ही लाभले आहेत. तथापि खोल पाण्याचा धक्का, प्रवासी सुविधा व परतीची खात्रीशीर व्यवस्था असल्याखेरीज मोठे जहाज तेथे थांबत नाही.

जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणावर ‘मारपोल’ या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. प्लास्टिक समुद्रात टाकण्यास त्याने पूर्ण बंदी आहे. प्रक्रिया न केलेले मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या म्हणजे सुमारे २२ कि.मी.च्या आत सोडता येत नाही. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण ०.५० टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. प्रवाळ असलेल्या लक्षद्वीपसारख्या भागात या नियमांचे पालन विशेष महत्त्वाचे ठरते.

सद्यःस्थिती

क्रूझ प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. बॅलार्ड पिअर येथील नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याच्या दृष्टीने त्याची आखणी करण्यात आली आहे. दुसरीकडे, वसईची खाडी व उल्हास नदी यांतून जाणारा कल्याण–ठाणे–मुंबई जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ म्हणून घोषित झाला आहे. या मार्गावर नियमित प्रवासी बोटी धावू लागल्यास खाडीकाठच्या रहिवाशांना जलप्रवास सुटीपुरता न राहता पूर्वीसारखा रोजच्या उपयोगाचा होऊ शकेल.