काढून टाकलेल्या आंत्रपुच्छाची साक्ष

माझ्या पुतण्याचे पोट दुखू लागले आणि अपेंडिक्सचे, म्हणजे आंत्रपुच्छाचे, ऑपरेशन झाले. करंगळीएवढी ती सुजलेली नळी दाखवून सर्जन म्हणाले, "आता ही तपासायला पाठवू." तशी आमचे दादा म्हणाले, "अहो, दुखणे गेले, नळीही गेली. आता तिच्यावर आणखी खर्च कशाला?"

प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. पण गंमत अशी, की या दुखण्याचे मूळ सापडले तेच मुळी अशा तपासणीतून. पूर्वी सगळा दोष शेजारच्या मोठ्या आतड्याला देत. १८८६ साली अमेरिकेतील रेजिनाल्ड फिट्झ या विकृतिशास्त्रज्ञाने खरा गुन्हेगार आंत्रपुच्छ आहे, हे दाखवून दिले.

तर ही तपासणी होते कशी? नळी प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे ती कुजत नाही. मग लांबी-जाडी मोजतात, कुठे छिद्र पडले आहे का ते पाहतात. शेंड्याचा भाग उभा चिरतात, बाकीच्याच्या आडव्या चकत्या घेतात. त्या मेणात बसवून मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या चारपाच पट, इतके पातळ काप काढतात. निळा आणि गुलाबी रंग दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी स्पष्ट दिसतात. नळीच्या स्नायूंच्या थरात विशिष्ट पांढऱ्या पेशी शिरलेल्या दिसल्या, की तीव्र दाह नक्की झाला.

कधी दाह मुळीच नसतो. मग पोटदुखीचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. कधी जंत सापडतात, क्वचित क्षय. आणि शंभरात एकापेक्षाही कमी वेळा कार्सिनॉइड नावाची लहानशी गाठ निघते. ती बहुधा शेंड्याशीच असते. शेंडा न चुकता पाहतात तो म्हणूनच. गाठ एक सेंटिमीटरहून लहान असली, तर झाले तेवढे ऑपरेशन बहुतेक वेळा पुरते. दोनहून मोठी असली, तर आतड्याचा आणखी भाग काढावा लागतो. नुसत्या डोळ्यांना ही गाठ पुष्कळदा दिसतही नाही.

आठवड्याने पुतण्याचा अहवाल आला : साधा दाह, दुसरे काही नाही. दादा म्हणाले, "म्हणजे पैसे फुकटच गेले की!"

मी म्हटले, "दादा, कुलूप लावल्यावर आपण ते एकदा ओढून पाहतो. ते उघडले नाही, म्हणून ओढणे फुकट गेले असे म्हणतो का?"

दादांनी अहवाल घडी करून कपाटात नीट ठेवला. श्रोतेहो, तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर टाके काढायला जाल तेव्हा अहवाल मागून घ्यायला विसरू नका.