ऑनलाइन पोकरमधील दीर्घकालीन नफा

ऑनलाइन पोकरमधील दीर्घकालीन नफा म्हणजे कुशल खेळाडूकडे हजारो डावांअखेर, शुल्क व कर वजा जाता, उरणारी रक्कम होय. भारतात २०२३ मधील करबदलांमुळे हा नफा आक्रसला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन पोकरवर बंदी घातली.

नफ्याचा उगम

पोकरमध्ये खेळाडू आयोजकाविरुद्ध नव्हे, तर परस्परांविरुद्ध खेळतात. आयोजक डावात जमलेल्या रकमेतून 'रेक' नावाचे शुल्क कापतो. त्यामुळे सर्व खेळाडूंची एकत्रित बेरीज तोट्याचीच असते. नफ्यासाठी केवळ इतरांहून सरस असणे पुरत नाही. ही सरशी रेकहून अधिक असावी लागते. स्टीव्हन लेविट व टॉमस माइल्स यांनी २०१० च्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'चा अभ्यास केला. त्यात आधीच कुशल म्हणून निवडलेल्या खेळाडूंना गुंतवणुकीवर सरासरी ३० टक्क्यांहून अधिक परतावा, तर इतरांना सुमारे १५ टक्के तोटा झाल्याचे आढळले. या स्पर्धा मात्र ऑनलाइन नव्हे, तर प्रत्यक्ष टेबलावरील होत्या.

चढउतार

उदाहरणार्थ, एखादा खेळाडू दर १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड (सक्तीची मोठी पैज) जिंकतो आणि त्याचे प्रमाण विचलन १०० बिग ब्लाइंड आहे असे मानू. १०,००० डावांनंतर त्याचा अपेक्षित नफा ५०० व प्रमाण विचलन १,००० होते. म्हणजे तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के राहते. १ लाख डावांनंतर ती सुमारे ६ टक्क्यांवर येते. म्हणून थोड्या डावांतील यशावरून कौशल्य सिद्ध होत नाही.

करांचा परिणाम

१ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर लागू झाला. एका वर्षाचा तोटा पुढील वर्षाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. त्यामुळे चढउतारांचा भार खेळाडूवरच पडतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू व सेवा कर केवळ शुल्कावर न लागता खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के दराने लागू झाला.

कायदेशीर स्थिती

नाशिकसह संपूर्ण राज्यात लागू असलेल्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ च्या कलम १३ नुसार केवळ कौशल्याचे खेळ जुगारातून वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात हा भेद राहिला नाही. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळण्याची ऑनलाइन सेवा देणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळाडूस शिक्षेची तरतूद नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या.

परदेशी संकेतस्थळांवर जमा रक्कम अडकण्याचा धोका असतो. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेने 'फुल टिल्ट पोकर'वर कारवाई केल्यानंतर तेथील खेळाडूंना परतफेडीसाठी २०१४ पर्यंत थांबावे लागले. काढून न घेतलेली रक्कम हा नफा केवळ कागदावरचा असतो.